वहिनीनं खोडलेलं प्रूफ

आमच्या वर्गात वहिनीला सगळे भाभीजी म्हणायचे. सरसुद्धा. दोष माझा. एम.एस्सी. गणिताच्या पहिल्याच दिवशी मी मागच्या बाकावरून हाक मारली, ‘‘वहिनी, इकडे ये, इकडे पंखा आहे!’’ सगळा वर्ग वळून बघायला लागला. शेजारच्यानं विचारलं, ‘‘ये वहिनी क्या होता है?’’ मी म्हटलं, भाभी. बस. दुपारपर्यंत सत्तावीस वर्षांची माझी वहिनी एकवीस-बावीस वर्षांच्या समस्त पोरापोरींची भाभीजी झालेली होती. परत येताना टेम्पोत, म्हणजे आमच्याकडच्या शेअर रिक्षात, ती म्हणाली, ‘‘भाऊजी, घरी एक दीर मला पुष्कळ होता. तुम्ही आज बावीस आणून दिलेत.’’

ती माझ्या सख्ख्या दादाची बायको, साताऱ्याकडची. लग्नाआधी बी.एस्सी. झालेली आणि दहावीच्या मुलांना गणित शिकवायची. आम्ही झाशीचे जुने मराठी. कितव्या पिढीत कोण इथं आलं ते बाबांना पाठ आहे, मला नाही. घरी मराठी बोलतो, पण वहिनी आल्यावर कळलं की आम्ही जे बोलतो त्याला ती मनातल्या मनात दुरुस्त करत असते. मी म्हणायचो, ‘‘बाबा माझ्यावर गुस्सा झाले.’’ ती म्हणायची, ‘‘रागावले.’’ मी म्हणायचो, ‘‘तेच ते, गुस्सा होऊन रागावले.’’ असं आमचं चालायचं. ती मला भाऊजी आणि तुम्ही म्हणायची, मी तिला सरळ तू. पहिल्या दिवशी हे ठरलं ते तसंच राहिलं.

शिकायचं तिनंच काढलं. मी बी.एस्सी. होऊन पुढचा फॉर्म आणला होता. जेवताना तो ताटाशेजारी पडला होता आणि ती वाढता वाढता वाचत होती. भाताचा डाव हातात तसाच. आई म्हणाली, ‘‘अगं, भात वाढ.’’ तेव्हा ती म्हणाली, ‘‘मी पण भरू का?’’

कोणी नाही म्हटलं नाही. हे मला नीट सांगायला पाहिजे, कारण पुढचं वाचून माझ्या घरचे लोक वाईट वाटतील, आणि ते वाईट नाहीत. आईचे गुडघे तेव्हाच गेलेले होते. नगरा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात तीन पायऱ्या आहेत, त्याही ती एकेक करून, भिंत धरून उतरायची. दादा रेल्वेत, ड्यूटीचा ठिकाणा नाही. बाबांनी विचार केला, पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘‘एक वर्ष कर. सगळे पेपर एकदम निघाले तर दुसरं वर्षही कर, आम्ही इकडे काढू कसंतरी. पण एक जरी बॅक लागली तर मग बस. घर किती दिवस असं ठेवणार?’’

पेपर निघाला म्हणजे पास, बॅक म्हणजे नापास झालेला पेपर. पुढच्या वर्षी परत द्यायचा.

‘‘चालेल,’’ वहिनी म्हणाली. बाबांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

तिला पुढं इथल्याच एखाद्या इंटर कॉलेजात, अकरावी-बारावीला, शिकवायचं होतं. हे तिनं मला टेम्पोत सांगितलं, आणि वर म्हणाली, कोणाला बोलू नका, आधी पेपर निघू देत.

माझं म्हणाल तर मला गणित ठीकठाक यायचं. मला खरं काय यायचं तर नक्कल. शाळेत प्रिन्सिपॉल, गल्लीत भाजीवाला, लग्नात भटजी. कोणी दोन मिनिटं माझ्यासमोर बोलला की तो माझ्या घशात राहायला यायचा. डिस्क्रीट मॅथ्सचे सर तर देवानं माझ्यासाठीच बनवलेले होते. फळ्यावर दोन ओळी लिहायचे, हात झटकायचे, नाकानं लांब श्वास ओढायचे आणि म्हणायचे, ‘‘स्पऽऽष्टतः!’’ मग वळून बुंदेलीत, ‘‘काय भज्जा, समझ परी कै नईं?’’ समजलं का नाही रे भावा, असं. आणि प्रूफ संपलं की खडू खिशात टाकून, ‘‘इति सिद्धम्.’’ खिसा कायम पांढरा.

वहिनीला रोज वर्गात येणं जमायचं नाही. आठवड्यात दोन दिवस तरी काहीतरी निघायचं. गॅसवाला, पाहुणे, आईचे गुडघे. मग पद्धत अशी पडली की संध्याकाळी ती पोळ्या करायची आणि मी ओट्याला टेकून पूर्ण लेक्चर परत करायचो. पूर्ण म्हणजे पूर्ण. सरांचा आवाज, सरांचा श्वास, मागच्या बाकावरच्या मुलाचं खोकणं, खिडकीवर आलेलं माकड, ‘‘भाभीजी आज फिर नहीं आईं?’’ सगळं. बाबा पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. त्यांना गणितातलं काही कळायचं नाही पण ‘‘स्पऽऽष्टतः’’ आलं की ते हसून पेपर मांडीवर आपटायचे. आई आतून ओरडायची, ‘‘परत म्हण रे, मी नळ चालू होता म्हणून ऐकलं नाही!’’

वहिनी मात्र पोळी लाटता लाटता मध्येच थांबायची. ‘‘मागे जा. तिसऱ्या ओळीवरून चौथीवर कसे आले सर?’’

‘‘स्पऽऽष्टतः आले.’’

‘‘भाऊजी, नीट.’’

मग मी वही बघायचो. वहीत असायचं तर सांगायचो. नसायचं तेव्हा काय करायचो ते आता लिहितो, म्हणून तर हे सगळं लिहायला बसलो.

वहीत नसायचं तेव्हा मी सर व्हायचो. इतकं सोपं होतं ते. हात झटकले, श्वास ओढला, आवाज खाली घेतला की मधली जागा आपोआप भरायची. सरांच्या आवाजात म्हटलेलं काहीही बरोबर वाटायचं. मलाही.

जानेवारीतली गोष्ट. आमच्याकडे त्या दिवसांत मटार इतका येतो की बाबा मानिक चौकातून येताना पाच-पाच किलो आणतात आणि सगळं घर सोलत बसतं. वहिनी त्या दिवशी आईला घेऊन गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेली होती, म्हणून वर्गात नव्हती. मी होतो. पण मी कसा होतो? सर त्या दिवशी खडू दोन बोटांत विडीसारखा धरून लिहीत होते, आणि मी बाकाखाली पेन तसं धरून बघत होतो. अर्धं प्रूफ उतरवलं, अर्धं नाही. घंटा झाली.

संध्याकाळी वहिनी मटार सोलता सोलता म्हणाली, ‘‘चला सर, सुरू करा.’’

विषय होता झाडांचा. गणितातलं झाड म्हणजे काही ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. सगळे ठिपके एकमेकांना कुठून ना कुठून जोडलेले, पण फिरून परत त्याच ठिकाणी येणारा रस्ता कुठेही नाही. असल्या कुठल्याही झाडात रेषा ठिपक्यांपेक्षा बरोबर एकनं कमी असतात. एवढंच सिद्ध करायचं होतं. दिसायला लहान गोष्ट.

मी ताटात मटारचे चार दाणे ठेवले आणि खराट्याच्या तीन काड्या तोडून ते जोडले. ‘‘बघ. दाणे चार, काड्या तीन. इथपर्यंत खरं आहे असं मानू. आता एक दाणा नवीन आणला, एका काडीनं जोडला. दाणे पाच, काड्या चार. परत एक कमी. असंच पुढे, पुढे, पुढे. इति सिद्धम्.’’

आईनं सोललेला दाणा तोंडात टाकला. ‘‘झालं? इतकंच शिकवतात?’’

वहिनी ताटाकडे बघत राहिली. ‘‘पण हे झाड तुम्ही लावलंत.’’

‘‘मग?’’

‘‘दुसऱ्या कोणी लावलेलं झाड माझ्या हातात दिलं तर? मला काय माहीत ते असंच एकेक दाणा जोडून झालंय?’’

‘‘असंच झालेलं असणार ना.’’

‘‘असणार म्हणजे? ते कुठे दाखवलंत?’’

मी काड्या परत सरळ करत बसलो. ती पुढे हात करून टोकाचा एक दाणा काडीसकट उचलून म्हणाली, ‘‘मी असते तर काढून बघितलं असतं. कोणतंही झाड असू दे, चालत चालत गेलं तर कुठेतरी टोक येणारच. ते टोक काढायचं. मग जे लहान झाड राहील त्याचं तर आपल्याला माहीतच आहे. आणि मग परत लावायचं.’’

आज मला माहीत आहे की ती बोलली ते प्रूफ होतं. पूर्ण, स्वच्छ. एका हातात मटाराची शेंग होती तिच्या. माझ्या वहीत जे अर्धं उतरवायचं राहिलं होतं ते नेमकं हेच होतं, सरांनी फळ्यावर काढून दाखवलेलं. पण तेव्हा मला एवढंच वाटलं की माझा खेळ मोडतोय. बाबा दारात बसलेत, आई ऐकतेय, आणि मी अडलोय.

मी उभा राहिलो. हात झटकले. श्वास ओढला.

‘‘काय भाभीजी! पेड़ पे संदेह?’’

बाबा खो खो हसले. वहिनीपण हसली. पण हसून झाल्यावर तिनं विचारलं, ‘‘नाही पण खरंच सांगा, सरांनी असंच केलं? जोडून?’’

‘‘अक्षरशः.’’

‘‘मग असेल,’’ ती म्हणाली. हातातला दाणा तिनं सोललेल्यांत टाकून दिला, आणि वहीत उतरवून घेतलं. माझ्याच शब्दांत, म्हणजे सरांच्या. ‘स्पष्टतः’ खाली तिनं रेघ मारली.

परीक्षेला आम्ही एकाच हॉलमध्ये होतो, ती दोन रांगा पुढे. पेपर वाटला, मी पालटला, आणि चौथा प्रश्न तोच. सिद्ध करा की कोणत्याही झाडात… खाली ‘अथवा’ आणि दुसरा एक प्रश्न. वहिनीनं पेपर वाचला आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. भुवया उडवल्या. आलं बघा आपलं! असं. आणि हसली.

मी खाली बघितलं.

कारण मी अथवावाला प्रश्न करायचं ठरवून टाकलेलं होतं. त्या मटारच्या संध्याकाळपासून त्या प्रूफचं नाव काढलं की मी विषय बदलायचो. मी कधी वही उघडून बघितलं नाही, कोणाची वही मागितली नाही, सरांना विचारलं नाही. बस, टाळलं. हॉलमध्येही टाळलं. स्वतःसाठी टाळलं. तिला सांगायचं तर महिने होते माझ्याकडे.

रिझल्ट जूनमध्ये लागला. लू, म्हणजे तापलेला वारा, चालू होती, दादाच्या मोबाईलवर साइट उघडत नव्हती. उघडली तेव्हा आधी माझा आला, पास. मग तिचा. चार पेपर निघाले होते, डिस्क्रीटमध्ये पाच मार्क कमी. बॅक.

दादानं पान परत लोड केलं, जसं दुसऱ्यांदा वेगळं येईल. वहिनी म्हणाली, ‘‘असू दे. कुलरमध्ये पाणी संपलंय वाटतं,’’ आणि बादली घेऊन गेली.

मीच मागे लागलो की कॉपी बघू. विद्यापीठात अर्ज केला की तपासलेली उत्तरपत्रिका समोर बसवून दाखवतात. ‘‘तपासणाऱ्याची चूक असणार वहिनी, तुझा पेपर पाच मार्कांनी जाणं शक्यच नाही.’’ ती नको म्हणत होती. मी बाबांना सांगितलं, बाबा म्हणाले बघून तर या, चूक असली तर आपली अट लागूच नाही. हे ऐकून तिनं साडी बदलली.

विभागाच्या खोलीत कॉपी दाखवायला सरच बसलेले होते. तपासणी बाहेरून झालेली, त्यांचा काही संबंध नव्हता. ‘‘आइए भाभीजी,’’ म्हणाले, आणि पानं उलटायला लागले. पहिला प्रश्न ठीक. दुसरा, तिसरा ठीक. चौथ्यावर पान उलटलं आणि ते थांबले.

पूर्ण पान भरलेलं होतं आणि पूर्ण पान खोडलेलं होतं. फुटपट्टी लावून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा. वहिनी रागानं काही खोडत नाही. खालचं सगळं स्वच्छ वाचता येत होतं. सर तिचं हिंदी वाचायला लागले. ओठ हलत होते. ‘कोणतंही एक झाड घेऊ. त्यात चालत गेल्यास टोक सापडेल, कारण… ते टोक काढल्यास…’ त्या ‘कारण’च्या पुढे तीन ओळींत टोक का सापडेल तेही होतं. मला ते मटारच्या दिवशी तिनं सांगितलं नव्हतं, तिथंच हॉलमध्ये बसून काढलेलं असणार.

‘‘यह तो बिलकुल सही है,’’ सर म्हणाले. ‘‘पूरा सही है, भाभीजी. इसे काटा क्यों?’’

खोडलेलं उत्तर कोणी तपासत नाही. नियम आहे.

पुढच्या पानावर माझं होतं. तिच्या अक्षरात. चार ठिपके, तीन रेषा, एक नवीन ठिपका. स्पष्टतः. इति सिद्धम्. समासात लाल पेननं एक ओळ होती: ‘हर वृक्ष ऐसे ही बना है, यह कहाँ सिद्ध किया?’ आणि खाली शून्य.

सरांनी चष्मा काढला. ‘‘और यह किसने पढ़ा दिया? ऐसे तो मैंने कभी नहीं कराया.’’

मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, सायकल स्टँड होता. मला वाटलं ती आता माझ्याकडे बघेल.

‘‘किसी ने नहीं, सर,’’ वहिनी म्हणाली. ‘‘मुझसे ही हो गया.’’

सरांनी कॉपी मिटली आणि तशीच थोडा वेळ हाताखाली धरून ठेवली. मग म्हणाले, अगले साल बैक दे दीजिए, निकल जाएगा, आपका तो निकला ही हुआ है. ती म्हणाली, जी सर.

टेम्पोत आम्ही समोरासमोर बसलो. बाजूला एक बाई कलिंगड मांडीवर घेऊन बसली होती, तिचा धक्का लागत होता. वहिनीनं विचारलं.

‘‘तुम्ही त्या दिवशी वर्गात होतात ना?’’

‘‘होतो.’’

‘‘मग?’’

‘‘अर्धंच लिहिलं होतं. बाकीचं मी… मीच जोडलं.’’

तिनं मान हलवली. रागावली असती तर मला जमलं असतं. तिच्या रागाचीसुद्धा मी नक्कल करतो, घरात सगळे हसतात.

‘‘मी आधी माझंच लिहिलं,’’ ती म्हणाली. ‘‘लिहून झालं. मग परत वाचलं तेव्हा कानात सरांचा आवाज यायला लागला. म्हटलं, एवढे शिकलेले सर, ते जोडून करतात आणि मी काढून करतेय, म्हणजे माझंच कुठेतरी चुकत असणार. मी घरी राहून शिकलेली. वेळ होता, म्हणून खोडलं.’’

‘‘वहिनी…’’

‘‘तुम्ही काय लिहिलंत चौथ्याला?’’

मला वाटलं होतं हे ती विचारणार नाही.

‘‘अथवा,’’ मी म्हटलं.

तिनं कलिंगडाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. आमचा थांबा आला तेव्हा ती आधी उतरली आणि माझ्यासाठी थांबली नाही. उन्हात डोक्यावर पदर घेऊन पुढे चालायला लागली. मी मागून. रोज आम्ही बरोबर चालत यायचो, मी काहीतरी करून दाखवत उलटा चालायचो तिच्यासमोर.

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. सगळं. आई होती, दादा होता. वहिनी आत होती. मी उभा राहिलो आणि म्हटलं, ‘‘बाबा, वहिनीची चूक नाही. तिचं बरोबर होतं. मी तिला खोटं सांगितलं, म्हणून तिनं बरोबर उत्तर खोडलं. बॅक माझी आहे.’’

बाबांनी मान वर करून बघितलं. मग त्यांच्या मिशीखाली हसू यायला लागलं. ‘‘ही कोणाची रे? मालिकेतल्या त्या वकिलाची?’’

‘‘नाही बाबा. मीच बोलतोय.’’

‘‘चांगली जमली आहे. हात पण थरथरवतोय बघ,’’ ते आईला म्हणाले.

आई हसली नाही. दादा पण नाही. मग बाबांनीही हसणं आवरलं. त्यांना कळलं ते मला दिसलं. पण कळल्यावर त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं. ते म्हणाले, ‘‘तुझ्यामुळे असो, तिच्यामुळे असो. बॅक तर लागलीच ना. आणि तुझी आई आता तीन पायऱ्या उतरू शकत नाही.’’ हे खरं होतं. आईला त्या महिन्यात पायऱ्याही बंद झाल्या होत्या. दादा म्हणाला, ‘‘बघू काहीतरी,’’ आणि ड्यूटीवर गेला.

मी आत गेलो. वहिनीनं सगळं ऐकलेलं होतं, मधे नुसता पडदा.

‘‘मी परत बोलतो त्यांच्याशी. विद्यापीठ बॅक असून पण दुसऱ्या वर्षाला घेतं. मी सकाळची कामं करीन, आईचं मी बघतो. रोटेशन लावू.’’

‘‘भाऊजी, अट कोणी माझ्यावर टाकली नव्हती. मी चालेल म्हटलं होतं.’’

‘‘पण ते तेव्हा…’’

‘‘चालेल म्हटलं होतं मी,’’ ती म्हणाली. ‘‘आता नाही चालत म्हटलं तर पुढच्या खेपेला माझं कोण ऐकेल?’’

या बोलण्यात चूक कुठे आहे ते मी किती दिवस शोधत होतो. प्रत्येक पायरी बरोबर होती. फक्त सुरुवात जिथून झाली ती बॅक खरी नव्हती, ती मी लावलेली होती.

नंतरच्या दोन महिन्यांत घरात मी कोणाचाही आवाज काढला नाही. ठरवून नाही. यायचाच नाही. बाबा एकदा म्हणाले, तुझ्या सरांचं काय चाललंय, ऐकव जरा. मी म्हटलं, सुट्टी आहे. वहिनी पोळ्या लाटत होती, तिचं बेलणं थांबलं नाही. तिच्यासमोर मी बेलणंच म्हणतो, लाटणं म्हणत नाही. आधी ती दुरुस्त करायची. आता करत नाही.

दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आली. मी तिचाही फॉर्म आणून ठेवला होता, फोटोसकट, फक्त सही बाकी. सकाळी तो तिच्यासमोर टेबलावर ठेवला. तिनं माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली, म्हणाली, ‘‘उशीर करू नका, रांग असेल,’’ आणि आईला आंघोळीला न्यायला गेली. फॉर्म मी पिशवीत तसाच घेतला. का कोण जाणे. वाटेत मन बदललं तर फोन करील म्हणून.

खिडकीवरचा बाबू आम्हाला ओळखायचा. माझा फॉर्म शिक्का मारून झाल्यावर त्यानं हात बाहेरच ठेवला. ‘‘और भाभीजी का?’’

‘‘आएँगी शायद,’’ मी म्हटलं. ‘‘कितने बजे तक है?’’

‘‘चार.’’

मी बाजूला कठड्यावर बसलो. वर्गातले दोघं-तिघं आले, विचारून गेले, भाभीजी कुठे आहेत. प्रत्येकाला वेगळं काहीतरी सांगितलं. पावणेचारला मी घरी फोन केला. आईनं उचलला. म्हणाली, ती गच्चीवर कपडे आणायला गेली आहे, ढग आलेत, काही निरोप आहे का? मी म्हटलं, नाही. चार वाजता बाबूनं माझ्याकडे एकदा बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणखी पाच मिनिटं काही न करता बसून राहिला. मग खिडकी लावली.

घरी आलो तर वहिनी ओसरीत कपड्यांच्या घड्या घालत होती. दादाचा युनिफॉर्म, बाबांची धोतरं, माझे दोन शर्ट.

‘‘भरला?’’

‘‘भरला.’’

‘‘कोणते पेपर आहेत यंदा?’’

माझ्या हातात यादी होती. मी वाचायला लागलो. साध्या आवाजात, एकेक. प्रत्येक नावानंतर ती एक घडी घालायची आणि पुढच्याची वाट बघायची. शेवटून दुसरा ऐच्छिक होता, ग्राफ थिअरी. घ्यायचा की नाही ते वर्ग सुरू झाल्यावर सांगायचं होतं.

‘‘म्हणजे तीच झाडं?’’

‘‘झाडं आणि बाकीचं पण. पूर्ण पेपर त्याचाच आहे.’’

‘‘पूर्ण पेपर?’’ तिच्या हातातला शर्ट अर्धा दुमडलेला होता. ‘‘वर्षभर?’’

‘‘हो.’’

‘‘मग तो घ्या तुम्ही,’’ ती म्हणाली. शर्टाची घडी पुरी केली. ‘‘आणि पुस्तक आणाल ना, तेव्हा दोन दिवस माझ्याकडे ठेवा.’’